झुंबरच्या गोष्टीतला नवरा

हसू येतं मला. झुंबर लगीन होऊन आमच्या वाडीला आली, तवा मीच चार घरी सांगून आले व्हते, "भिमाची बायकू देखणी हाय गं, पण मुकी दिसतीया." पोरगी बोलायचीच न्हाय. पाणी भरताना न्हाय, दळताना न्हाय. कुणी काय इचारलं की नुसती मान हलवायची. मला लई कीव आली. मी तिच्याशी हातवारे करून बोलायची. तोंडाकडं बोट न्यायची, म्हंजी जेवलीस का. तीबी बया, पोटावर हात फिरवून जबाब द्यायची, म्हंजी जेवले. किती दिस हा तमाशा चालला, इचारू नका.

मग एक दिस मी तिच्यासमोर जात्याला बसले, आन् ती हळूच म्हणली, "काकी, तुमच्या मागं कोण हुबं हाय?"

मी गर्रकन वळले. कुणी न्हाय. भिंत, आन् भिंतीला टेकलेलं मुसळ.

"गेली," झुंबर म्हणली. "रोज येती. तुमच्यावाणीच दिसती. आज तर तिनं तुमचंच लुगडं नेसलं व्हतं."

तवा कळलं, ही मुकी न्हाय, ही आमाला बघत बसली व्हती. आन् तवापासनं ही बनाकाकी भिंतीला पाठ लावल्याबिगर दळाय बसत न्हाय. हसा, हसा.

आमची वाडी काटेवाडीच्या अंगाला, पाटाच्या खालती. गवार, वांगी, मिरच्या पिकवायच्या आन् गाडीत घालून बारामतीच्या बाजाराला न्यायच्या. पेरणीच्या आधी आबासाहेबांच्या निंबाखाली आमी बायका भुईमुगाच्या बियाणाच्या शेंगा फोडाय बसतो. आबासाहेब म्हंजी वाडीतलं मोठं माणूस, भांडणतंटा त्येंच्याच म्होरं जातो. बियाणाची शेंग दगडानं ठेचून चालत न्हाय, बोटानं फोडाय लागती, दाण्याचं साल निघता कामा न्हाय. आन् बायकांचं तर ठावंच हाय, एक दाणा पाटीत, एक तोंडात. आबासाहेबांनी दोन वर्सं बघितलं आन् सांगितलं, "आधी झुंबरला बलवा. ती बोलाय लागली की ह्येंची तोंडं उघडी ऱ्हात्यात, पण चावत न्हाईत."

खरंच हाय ते. एकदा आमी इंदापूरला तंबूतला शिनिमा बघाय गेलतो. भुताचा व्हता म्हणं. तिकीट काढून बसलो आन् मला तितं झोप लागली. झुंबर फुकट सांगायची, आन् रातभर माझा डोळा लागायचा न्हाय. तिच्या गोष्टीत भूत नसायचंच. माणूसच असायचा. त्येला वाटायचं, आपण कुणाला तरी हिरीत ढकललंय, पण कवा आन् कुणाला ते आठवायचं न्हाय. मग त्यो रोज हिरीत वाकून बघायचा. आन् एक दिस त्येला आतनं कुणीतरी वर बघताना दिसायचं. त्येचंच तोंड. पण पाण्यातल्या तोंडाला घाम आलेला, आन् ह्यो कोरडा.

तिची सांगायची तऱ्हा येगळी. एक व्हता राजा, एक व्हती बाई, तसलं काय न्हाय. ती 'मी' म्हणायची. चोराची गोष्ट असली तर, "मी कुडाला भोक पाडलं." म्हाताऱ्याची असली तर, "माझं गुडघं दुखत व्हतं." जिची गोष्ट, तीच व्हायची. आमाला सवय झालती. चोराची गोष्ट ऐकून कुणी तिच्या घराची झडती घेतली न्हाय.

आता तिच्या नवऱ्याचं सांगते, न्हाय तर म्होरलं कळायचं न्हाय. भिमा लगीन झाल्याझाल्याच चुलत्याशी भांडून घर सोडून गेला. चुलता म्हंजी हिंदुराव. भिमा मग कुठं धरणावर, कुठं सडकेवर रोलर चालवत फिरला. कवातरी मनिआर्डर यायची, माणूस न्हाय. झुंबरनं सासू पोचवली, सासरा पोचवला, एका शब्दानं कुरकुरली न्हाय. जमीन मातर हिंदुराव पेरायचा. "पोरगं आलं की दीन," म्हणायचा. त्येला वाटलं आसंल, पोरगं कशाला येतंय.

आन् पोरगं आलं. धा-बारा वर्सांनी, बाप गेल्याचं कुणाकडनं तरी कळलं म्हणून. बारामतीच्या ठेसनावरनं चालत आला आन् माझ्याच दारात हुबा ऱ्हायला. मी म्हणलं, "कोण पाव्हणं?" गेला तवा काटकुळा, मिसरूड फुटलेलं. आला तवा पोट सुटलेलं, मिशी सफाचट, तोंडावर देवीचे वण, आन् दर बोलण्याला 'मतलब'. "मतलब, काकी, मी भिमा." मी दोनदा बघितलं. आवाज मातर त्येच्या बापाचा.

हिंदुराव तोंडानं गोड बोलला. "बस, जेव, दोन दिस इसावा घे." जमिनीचं नाव काढलं की म्हणायचा, "बघू की."

त्याच उन्हाळ्यात शेंगा फोडायला बसल्यावर झुंबरनं नवी गोष्ट लावली. म्हणली, "माझा नवरा लई वर्सांनी परत आला."

आमी कान टवकारले.

"सगळं बरोबर व्हतं. नाव बरोबर, गाव बरोबर. पण ताटाला बसला तवा त्येनं भाकरी मोडली न्हाय, फाडली. मी म्हणलं, परमुलखात शिकला आसंल. मग एक दिस त्येचा सदरा धुवाय घेतला. सदऱ्याला घामाचा वास येतो का न्हाय? ह्या सदऱ्याला कसलाच वास न्हाय. मी हुंगला, परत हुंगला. मग वाटलं, सदऱ्याचं बरोबर आसंल, माझंच नाक गेलं आसंल. म्हणून माझा पदर हुंगला. त्येलाबी वास न्हाय. मग मला कळंना, त्यो कुणी दुसरा हाय, का मीच ह्या घरातली न्हाय."

सगळ्यांची बोटं शेंगंवर तशीच. आमच्यात एक ठमाबाई हाय, तिला मधी बोलल्याबिगर ऱ्हाववत न्हाय. ती म्हणली, "अगं, पण त्येचं नाव काय, त्या नवऱ्याचं?"

झुंबरनं डोईवरचा पदर म्होरं वढला, मान खाली घातली आन् म्हणली, "त्येंचं नाव मी कशी घेऊ?"

बास. एवढंच बोलली. पण आमच्यात बाई कुणाचं नाव घेत न्हाय? आपल्या मालकाचं. सगळ्या बायका एकमेकींकडं बघाय लागल्या. मीबी बघितलं, खोटं कशाला बोलू. ठमाबाईनं तर पाटी खाली ठेवली, काम हाय म्हणली आन् घरला गेली. घरला कसली, पाटावर गेली, तितं धुणं चाललं व्हतं. सांच्यापातूर सगळ्या वाडीला ठावं झालं की झुंबरच्या घरात राहतोय त्यो भिमा न्हाय, आन् हे खुद्द तिनंच सांगितलंय. बाजाराच्या दिशी ही बातमी बारामतीत माझ्या मिरच्यांच्या आधी पोचली व्हती.

हिंदुरावाला आयतंच गावलं. चावडीम्होरं तमाकू मळत म्हणाय लागला, "आरं, कागदावर भिमाचं नाव हाय, व्हय. पण भिमा कुठाय? ज्येची बायकू वळखत न्हाय, त्येला मी जमीन कशी देऊ? उद्या खरा आला तर त्येला काय तोंड दावू?" आन् मग दया आल्यावाणी, "ह्येला म्हणावं, वालचंदनगरला जा, कारखान्यात रोलर चालीव. तितं कुणी इचारत न्हाय, खरा का खोटा."

ठरलं, सकाळी आबासाहेबांम्होरं निवाडा करायचा. नुसती जमीन न्हाय बघा. माणूस खोटा ठरला तर झुंबर कुणाच्या घरात नांदतीया, हेबी लोक इचारणार व्हते. उघड कुणी बोललं न्हाय, पण पाण्याला गेली की बायका घागर बाजूला घ्यायच्या.

मी दिवस मावळायच्या आत तिच्याकडं गेले. भिमा अंगणात बसलेला, हातात दाढीचा आरसा. दाढी करत नव्हता. नुसता बघत व्हता.

"काकी," म्हणला, "मतलब, मीच हाय ना?"

मला वाईट वाटलं, आन् हसूबी आलं. म्हणलं, "तू न्हाईस तर मग ह्यो आमच्या कोंबड्या हुसकवणारा कोण? जा, हातपाय धू."

आत झुंबर चुलीम्होरं. मी म्हणलं, "पोरी, जा आन् सगळ्यांना सांग, गोष्ट व्हती म्हणून."

"सांगितलं की. ठमाबाई म्हणती, आता भ्याली म्हणून असं बोलतीस."

"मग खरं सांग, गोष्ट कुठनं आणलीस?"

तिनं फुंकणी खाली ठेवली. "काकी, पहिल्या दिशी ते दारात हुबं ऱ्हायलं ना, तवा मलाबी वाटलं, ह्यो कोण. घडीभरच. पण त्या घडीत मी लई लांब जाऊन आले. एवढ्या लांब, की वाटलं, ह्येची गोष्ट न्हाय केली तर ही घडी माझ्या डोक्यातच ऱ्हाईल."

"आन् मग कवा कळलं, हाच त्यो?"

"दुसऱ्या दिशी."

"कशावरनं?"

"ते सांगायचं न्हाय," म्हणली, आन् असं गालात हसली की मीच पदराआड तोंड केलं. एवढी म्हातारी मी.

सकाळी चावडीत सगळी वाडी. बायका एका अंगाला. हिंदुराव पंचासारखा मधी बसला, त्येची बायकू भामाबाई आमच्यात. आबासाहेब म्हणले, "हिंदुराव, तुमी इचारा काय इचारायचं ते."

हिंदुरावानं कुणाला ठावं नसंल असं इचारलं. "भांडण झालं त्या दिशी मी तुला काय फेकून मारलं व्हतं?"

भिमा लगीच म्हणला, "तांब्या."

"वहाण," हिंदुराव म्हणला. "वहाण मारली व्हती मी."

"न्हाय तात्या, तांब्या. हितं लागला." भिमानं खांद्याला हात लावला.

"वहाण. भिमाला आठवलं असतं. मार खाणारा इसरत न्हाय."

लोक कुजबुजाय लागले. आन् भिमाचा चेहरा बघितला मी. त्येला स्वतःचंच खरं वाटंना. म्हणला, "तात्या म्हणत्यात तर... वहाण आसंल. मतलब, लई वर्सं झाली."

झालं. "बघा, बघा," हिंदुराव म्हणला. आबासाहेबांनी मान खाली घातली.

तवा झुंबर उठली. पदर डोईवर नीट घेतला. "आबा, मी बोलू का?"

"बोल पोरी."

मला वाटलं, रडंल, हात जोडंल. तर ती खाली बसली, शेंगा फोडाय बसती तशीच मांडी घालून, आन् म्हणली, "माझे मालक एक दिस पाणी मोडाय पाटावर गेले."

आरं द्येवा, मी मनात म्हणलं, हिनं गोष्ट लावली.

"माझे मालक लई हसायचे. घरात पाय ठेवायच्या आधी हसू यायचं. त्या दिशी घरात भांडण झालं व्हतं. घरचं एक पोरगं रुसून निघून गेलतं. मालक पाटावर गेले, आन् दिवस मावळताना परत आले. धोतर तेच. वहाणा त्याच. कानात भिकबाळी तीच. मी पाणी दिलं. तांब्या घेतला, पण माझ्याकडं बघितलं न्हाय. म्हणलं, दमले असतील. दुसऱ्या दिशी हसतील. दुसऱ्या दिशी हसले न्हाईत. तिसऱ्या दिशी न्हाय. तमाकू मळतात ती तशीच. घोरतात तसंच. पण हसत न्हाईत. एक दिस मी मुद्दाम त्येंच्या म्होरं पाय घसरून पडले. आधी असतं तर पोट धरून हसले असते, मग उचललं असतं. ह्या माणसानं मला उचललं. हसला न्हाय. तवा मला भ्या वाटलं. आता मी रोज जेवाय वाढते आन् मनात म्हणते, ह्यो मला म्हायती असलेला सगळा हाय. मग माझा कुठं गेला?"

लोकांचं डोळं हळूहळू हिंदुरावाकडं वळलं. कारण खरंच हो, भिमा गेल्यापासनं हिंदुरावाला कुणी हसताना बघितलाच नव्हता. त्येचा तमाकूचा अंगठा तळहातावर थांबला. त्येनं भिकबाळीला हात लावला. मग लोक बघत्यात म्हणून हात खाली घेतला. मग परत लावला.

आन् माझ्या शेजारी भामाबाई. ती नवऱ्यापासनं चांगली आठ हात लांब बसलेली, तरीबी इतभर मागं सरकली.

ठमाबाईला ऱ्हाववलं न्हाय. "मग खरे हिंदुराव कुठं गेले गं?"

"ए ठमे," हिंदुराव उठला, "मीच हाय हिंदुराव."

"कशावरनं, मामंजी?" झुंबरनं इचारलं. पदर डोईवर, नजर खाली, सगळं रीतीत. "आता आत्याबाईंनी वळख दिली तरच. त्या तर मागं सरकून बसल्या."

आधी आबासाहेब हसले. मग सगळी चावडी. हसं थांबंना. झुंबर म्हणली, "आबा, एका पानाला चुना लावायला लागतो तेवढ्या येळात मी मामंजींना परका केला. त्येंनाबी घालवायचं का वालचंदनगरला?"

मला काय वाटलं म्हणून सांगू. ऊर भरून आला. ही माझी मुकी पोरगी. बारामतीतल्या वकिलालाबी हे जमायचं न्हाय.

पण खरी गंमत पुढंच झाली. लोक हसत व्हते आन् भामाबाई रडत व्हती. पदरानं डोळं पुसत म्हणली, "तांब्याच व्हता."

"काय म्हणलीस?" हिंदुराव.

"तांब्या मारला व्हता तुमी पोराला. बुडाला पोचा आलता. मीच नेऊन तांबटाकडनं सरळ करून घेतला. त्याच तांब्यातनं रोज पाणी पिता की." आन् मग, "पोरगं गेल्यापासनं तुमी खरंच हसला न्हाईत वो."

हिंदुराव मटकन खाली बसला. भिमानं आपल्या खांद्याला हात लावला, जणू कुणी त्येचा खांदा त्येला परत दिला. आबासाहेब म्हणले, "हिंदुराव, पोराचा वाटा पोराला द्या. उद्याच बांध दावून द्या."

उठता उठता ठमाबाईनं झुंबरला गाठलंच. "ते ऱ्हाऊ दे. पण गोष्टीतल्या नवऱ्याचं नाव इचारलं तवा तू घेतलं का न्हाईस? तिथंच तर सगळा घोळ झाला."

"कशी घीन?" झुंबर म्हणली. "गोष्टीतली बाईबी लगीन झालेलीच हाय की. ती घील का नवऱ्याचं नाव? ती न्हाय घेत, तर मी कशी घेऊ?"

ठमाबाई पाटावर न जाता सरळ घरला गेली. हे मी त्या दिशी पैल्यांदाच बघितलं. आन् मी इचार करत ऱ्हायले, की सगळी वाडी जिच्यावर उठली तिनं एकदा "सोपान" न्हाय तर "गणपा" म्हणलं असतं तर सुटली असती. पण गोष्टीतल्या बाईची लाज तिनं मोडली न्हाय. मी हे कुणालाबी अभिमानानं सांगते. बाजारात गिऱ्हाईक नसलं की मुद्दाम सांगते.

बांध ठरला. हिंदुराव स्वतः आला, कुठनं कुठं ते दावलं, आन् जाताना भिमाच्या पाठीवर हात ठेवला. हसला का, ते मला दिसलं न्हाय, त्येची पाठ माझ्याकडं व्हती. भामाबाई म्हणती हसला. 

पैल्या पाण्याच्या दिशी मी त्येंच्या बांधावर बसले व्हते. भिमा फावडं घेऊन हुबा. म्हणला, "मतलब, वांगी लावू. बारामतीला वांग्याला मागणी हाय."

"गवार लावा," झुंबर म्हणली.

"गवार तोडाय लई माणसं लागत्यात. दिवसभर वाकून वाकून बायका बोंबलत्यात."

"मी हाय की. गोष्ट सांगीन, बोंबलणार न्हाईत."

"वांग्याला भाव हाय म्हणतोय ना मी."

"वांग्याला कीड लागती."

"काकी, तुमी सांगा हिला." मी आभाळाकडं बघितलं. नवराबायकूच्या वाफ्यात मी पाय घालत न्हाय. भिमानं फावडं रोवलं. "हे बघ, घरधनी मी हाय. वांगीच लावायची. मला गवार आवडतबी न्हाय."

झुंबरनं काम थांबवलं. हळूच वर बघितलं. त्येच्या तोंडाकडं, मग हाताकडं, मग परत तोंडाकडं. आवाज अगदी खाली आणला, जात्यावर माझ्याशी बोलली व्हती तसा.

"माझ्या मालकांना गवार लई आवडायची," म्हणली. "तुमी कोण?"

भिमानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "माझ्याकडं बघू नगंस बाबा, मला काय ठावं, तू कोण ते."

त्येनं फावडं उपसलं आन् गवारीच्या सऱ्या वढाय लागला.